हुंगलेलं फूल

मी त्या पायरीवर तीनदा नाक घासलं, तेव्हा दहा वर्षांची होते.

पायरी शहाबादी फरशीची होती. तिच्यावर चपलांची माती होती. कुणीतरी हळदीकुंकवाचं पाणी सांडलेलं, ते कडेनं वाळत आलं होतं. नाकाचं टोक सोललं. पहिल्यांदा घासलं तेव्हा काही वाटलं नाही, दुसऱ्यांदा आग झाली, तिसऱ्यांदा मी मोजायचंच विसरले. वरून कुणीतरी म्हणालं, "झालं तीनदा. ऊठ."

गुन्हा काय, तर मी झेंडूच्या पाटीला नाक लावलं होतं.

आधी आमचं वावर सांगते, नाहीतर हे कळायचं नाही. खुलताबादच्या डोंगराखाली आमचं गाव. आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे. त्यांनी कळप विकला आणि सव्वादोन एकर घेतली. आमच्या घराण्यातली पहिली जमीन. तिच्या तीन बाजूंनी मोठ्या घराचं रान, चौथ्या बाजूला ओढा. मोठं घर म्हणजे गावातले सगळ्यात मोठे जमीनवाले. सडकेपर्यंत जायची आमची वाट त्यांच्या बांधावरून. ती वाट कागदावर कुणी लिहून घेतली नाही, शब्दावर होती. शब्द असा होता की, नवरात्रात त्यांच्या घटाला रोज एक माळ चढते, त्या माळेची फुलं नऊही दिवस आमच्या वावरातून जायची. त्या बदल्यात आम्ही बांधावरून यायचं-जायचं.

आणि नाक लावायचं म्हणाल, तर तो आमच्या कामाचाच भाग आहे. झेंडू ओला तोडला आणि पाटीत दाबून भरला की आतून तापतो. वरची फुलं टवटवीत दिसतात, खालची काळी पडायला लागलेली असतात. डोळ्यांना ते दिसत नाही. पाटीत हात घालायचा आणि नाक लावायचं. आंबूस वास आला की माल गेला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे मला पाटी उचलता येत नव्हती तेव्हापासून शिकवलं. खुलताबादला दर्ग्याजवळ फुलं विकणारे एक चाचा आमचा माल घ्यायचे. तेही आधी पाटीत तोंड खुपसायचे आणि म्हणायचे, "थंडा है. रख दे, बेटी."

तर त्या सकाळी आप्पांसोबत जाऊन मी मोठ्या घराच्या ओसरीवर पाटी टेकवली आणि सवयीनं वाकले. नाक लावलं. फुलं गार होती. मला बरं वाटलं.

"हुंगलंस का गं?" माईसाहेबांनी विचारलं. मोठ्या घरच्या मालकीणबाई त्या. सोवळ्यात होत्या, हातात तांब्या.

"व्हय," मी म्हणाले. मला वाटलं, शाबास म्हणतील.

"हुंगलेलं फूल देवाला चालत नाय, एवढं कळत नाय तुमाला? मेंढरामागं फिरणारी जात. कुठून कळणार!"

गड्यानं पाटी उचलली आणि उकिरड्यावर पालथी केली. पहाटेपासून तोडलेली फुलं. माझ्या बोटांना अजून त्यांचा हिरवा चीक होता.

"घास नाक," माईसाहेब म्हणाल्या. "तीनदा. पायरीवर."

आप्पा पुढं आले. मी त्यांच्याकडं पाहिलं. मला खात्री होती, आप्पा आता सांगतील की आमच्यात असंच बघतात, पोरीची चूक नाही. आप्पांनी मागून माझी मान धरली आणि खाली दाबली.

मोठ्या घरातल्या कुणीही मला बोट लावलं नव्हतं. हात आप्पांचा होता. तो हात थरथरत होता. ती थरथर माझ्या मानेतून पाठीत उतरली.

"घास, बाई," आप्पा माझ्या कानाशी म्हणाले. "वाट हाय आपली."

 घरी आईनं नाकाला हळद लावली. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या पायरीचं नाव निघालं नाही.

मला भाऊ नाही. माझं लग्न मामाच्या मुलाशी झालं आणि तो आमच्याकडंच राहायला आला. आई गेली. आप्पा थकले. वावर आम्ही दोघं करायला लागलो. निम्म्यात मेथी, कोथिंबीर, वांगी. निम्म्यात फुलं. दसऱ्याला झेंडू, दिवाळीला शेवंती. सकाळी वाटेनं टेम्पो यायचा आणि क्रेट भरून संभाजीनगरच्या बाजारात जायचा. टेम्पो वावरापर्यंत यायचा म्हणून आमची शेती चालायची. नाजूक माल आहे. मेथी दोन तास उन्हात राहिली तर कुणी फुकट घेत नाही.

म्हणून आम्ही भीत होतो. उठता-बसता भीत होतो. त्या बांधावरून जाताना माझा नवरा मोटारसायकल बंद करायचा आणि ढकलत न्यायचा. कुणी सांगितलं नव्हतं तसं. टेम्पोवाल्यालाही आम्ही हॉर्न वाजवू देत नव्हतो. मोठ्या घरची म्हैस आमच्या मेथीत शिरली तर आम्ही तिला हाकलायचो नाही, हात जोडून निरोप पाठवायचो. हसायला येतं ना? मला नाही येत. मी ते सगळं केलेलं आहे.

आणि दर नवरात्रात फुलं नेत होते. तीच ओसरी. घर आता नवीन बांधलंय, स्लॅबचं, गेटवर कॅमेरा. पायरी तेवढी जुनीच ठेवलीय, शकुनाची आहे म्हणतात. मी पाटी टेकवायचे, श्वास रोखून धरायचे आणि मागं फिरायचे. चुकूनही वास नाकात जाऊ नये म्हणून.

गेल्या नवरात्रातली तिसरी माळ. दोन दिवस पावसाची झड लागली होती. झेंडू ओलाच तोडावा लागला. नवरा बाजारात गेला होता. दोन पाट्या होत्या म्हणून मी पोरीला सोबत घेतलं. माझी एकच मुलगी, तेव्हा नववीत होती. वावरातलं सगळं काम येतं तिला, माझ्यापेक्षा हात चपळ आहे.

तिला मी कधीच सांगितलं नव्हतं. फूल हुंगू नको हे सांगायचं, तर पायरीचंही सांगावं लागलं असतं. मला लाज वाटत होती. ही माझी चूक. मोठ्या घराची नाही, माझी.

ओसरीवर शहरातले पाहुणे बसले होते. चहा चालला होता. माईसाहेब आता लई म्हाताऱ्या झाल्यात, खुर्चीत बसून असतात. त्यांचा मुलगा, भाऊसाहेब, शहरात इमारती बांधतो, सणाला गावात येतो. तो फोनवर बोलत होता. आम्ही पाट्या टेकवल्या. पोर वाकली, पाटीत कोपरापर्यंत हात घातला, नाक लावलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आई, खालची जरा गरम लागायलीत बघ."

मी तिचा हात पाटीतून ओढला.

"हुंगलं तिनं," माईसाहेब म्हणाल्या. नजर गेलीय म्हणतात त्यांची. हे बरोबर दिसलं. "हिच्या आईनं बी असंच केलं व्हतं. रगतातच हाय. घास म्हणावं नाक."

पाहुण्यांनी कप खाली ठेवले. कुणीतरी हसलं. भाऊसाहेबानं फोन कानापासून जरा लांब धरला आणि म्हणाला, "घास गं पोरी. आईचं मन राहू दे. दोन मिनिटांचं काम हाय." आणि परत फोनवर सिमेंटचं बोलायला लागला.

पाहुण्यांतली एक मुलगी मोबाईल काढून उभी राहिली. माझ्या पोरीच्याच वयाची असेल.

पोर माझ्याकडं बघत होती. तिला काही कळलंच नव्हतं. कुणाला घासायला सांगतायत, काय घासायचं, कशासाठी.

आणि माझा हात उठला.

मी ठरवलं नव्हतं. डोळ्यांपुढं वाट आली. टेम्पो आला, दसऱ्याला तोडायचा झेंडू आला, शेवंतीच्या कळ्या आल्या. हात आपोआप तिच्या मानेवर गेला. बोटांखाली वेणीची गाठ लागली. मी दाब दिला. खोटं कशाला सांगू, दिला. आणि माझा हात थरथरायला लागला, अगदी आप्पांचा थरथरला होता तसा.

तिनं मान ताठ केली. माझ्या हाताविरुद्ध. "आई?" एवढंच म्हणाली.

मी हात काढला. तो कुठं ठेवावा कळेना. मग मी खाली बसले, पाटी जवळ ओढली आणि तिच्यात तोंड घातलं. जोरात वास घेतला. ओसरीवर सगळ्यांना ऐकू गेला असेल. तीस वर्षांनी त्या ओसरीवर मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. फुलं खरंच तापली होती. पोर बरोबर होती.

"मी बी हुंगलं," मी म्हणाले. आवाज किरटा निघाला, माझा वाटेना. "आमी रोज हुंगतो. हुंगल्याबिगर माल कळत नाय. आजवर तुमच्या देवीला जेवढी फुलं आली, तेवढी वावरात हुंगूनच आली."

 भाऊसाहेबाचा फोन थांबला होता.

मी एक पाटी उचलली, पोरीनं दुसरी.  पायरी उतरताना मला वाटलं, आता इथंच लघवी होईल. धैर्य वगैरे काही नव्हतं. नुसती भीती होती आणि पाटीचं ओझं होतं.

दुपारपर्यंत वाट बंद झाली. जेसीबीनं बांधाला आडवा चर खणला, कमरेइतका. वर बाभळीच्या काट्या रचल्या. मी वांग्यात उभी राहून ते यंत्र बघत होते. ते बंद झालं तेव्हा आजूबाजूला एकदम शांत झालं आणि त्या शांततेनं मी जास्त घाबरले.

आप्पा ओट्यावरून ओरडले, "जा! आत्ताच्या आत्ता जा. नाक घासून ये. नाकाला काय व्हतंय? तू नाय का राहिलीस जिती?"

मी गेले नाही. आप्पा रडायला लागले. माझ्या वडिलांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं, आणि तेही माझ्यामुळं. नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे उठला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, झेंडूचं क्रेट डोक्यावर घेतलं आणि ओढ्यात उतरला. मागं वळून म्हणाला, "बघायलीस काय? उचल."

ओढ्याला मांडीइतकं पाणी होतं. पलीकडं चढ, मग दगडाळ रान, मग सडक. आमच्या चकरांवर चकरा झाल्या. निघाला तेवढा झेंडू निघाला. बाकीचा दसऱ्याच्या सकाळी झाडावरच काळा पडून उभा होता.

गावानं तोंड फिरवलं. पिठाच्या गिरणीत माझा डबा शेवटी ठेवायला लागले. ज्या बायका माझ्या वावरात भाजी खुडायला यायच्या, त्यांच्या घरी एकाएकी पाहुणे यायला लागले. मोटारसायकलचा आवाज जवळ आला की मी पोरीला हाक मारायचे. ती ओ देईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

एका संध्याकाळी आम्ही दोघी मेथीच्या जुड्या बांधत होतो. ती खाली बघूनच म्हणाली, "आई, तू आधी माझी मान धरलीस."

"व्हय," मी म्हणाले.

 माफ कर, एवढं म्हणायला पाहिजे होतं. निघालं नाही तोंडातून. मग मी तिला पायरीचं सांगितलं. सगळं. हळदीकुंकवाचं पाणी, आप्पांचा हात, तीनदा.  ती जुड्या बांधत राहिली. नंतर आत गेली आणि वही-पेन घेऊन आली.

"वाटेचा अर्ज करायचा," ती म्हणाली. शाळेतल्या बाईंना विचारून आली होती. अडवलेली वाट तहसीलदार उघडून देऊ शकतात, म्हणे.

तिनं लिहिलं. गट नंबर, दिशा, वाट कधीपासून वापरात, कधी बंद केली. मग थांबली. "कारण काय लिहू?"

मी म्हणाले, "झालं ते लिही."

तिनं लिहिलं, 'अर्जदाराच्या मुलीने फुलांचा वास घेतला आणि पायरीवर नाक घासण्यास नकार दिला, म्हणून.'

तहसीलमधल्या बाबूनं ती ओळ वाचली आणि चष्मा काढला. "असलं काय लिहिता, बाई? 'आपसातील वाद' लिहा. सगळे तेच लिहितात."

 सरकारी टेबलापुढं मी कधी एकटी उभी राहिले नव्हते. पण आमचा आपसात वाद नव्हताच. मी म्हणाले, "असाच घ्या." त्यानं शिक्का मारला.

दिवाळीच्या आधी पाहणीला तहसीलदार साहेब आले. सोबत तलाठी. शेवंतीच्या कळ्या फुटायला आल्या होत्या. पांढरा रंग नुसता डोकावत होता. दोन-चार दिवसांत तोडा सुरू होणार होता. चराच्या त्या बाजूला भाऊसाहेब आणि त्याची माणसं. या बाजूला मी, नवरा, पोर, काठीवर आप्पा. गाव लांब लिंबाखाली उभं राहून बघत होतं.

साहेबांनी अर्ज वाचला. भाऊसाहेबाशी बाजूला जाऊन बोलले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पेन होतं.

"ताई, मिटतंय हे," ते म्हणाले. "ते वाट द्यायला तयार आहेत. आजच. फक्त ही एक ओळ खोडून सही करा."

भाऊसाहेब चराच्या काठावर आला. पहिल्यांदा तो माझ्याकडं बघून बोलला. "आजच चर बुजवून देतो. टेम्पो येऊ द्या, काय बी येऊ द्या. ती ओळ तेवढी काढ. घराचं नाव जायलंय, बाई."

साहेबांनी पेन माझ्या हातात दिलं.

मी शेवंतीकडं पाहिलं. एवढं पीक मला कधी आलं नव्हतं. एक रेघ मारायची होती. बोटभर रेघ. नवऱ्यानं मान खाली घातली होती. त्यानं ओढ्यातून क्रेट वाहून खांदे सोलून घेतले होते, त्याला मी काय विचारणार?

"खोड, बाई," आप्पा माझ्या कानाशी म्हणाले. तोच आवाज. "वाट हाय आपली."

माझी मान आपोआप वाकायला लागली. कुणी धरली नव्हती, तरी.

पोर शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती समोर बघत होती, भाऊसाहेबाकडं. मला वाटलं, मी ही ओळ खोडली तर ही मला काही म्हणणार नाही. कधीच काही म्हणणार नाही. मी आप्पांना आजवर काही म्हणाले नाही, तशी. आणि पुढं कधीतरी हिचाही हात कुणाच्या मानेवर जाईल.

मी पेन परत दिलं.

"नाय खोडत," मी म्हणाले.

"ताई, विचार करा. नंतर निकालाला किती वेळ लागेल, सांगता येत नाही."

"लागू द्या. अजून एक लिवून घ्या, साहेब. मी दहा वर्षांची व्हते तवा ह्यांच्याच घरी, त्याच पायरीवर, माझं नाक घासून घेतलं. आणि या नवरात्रात पोरीची मान पहिली मी धरली. ते बी लिवा."

"ते कुठं लिहू मी?" साहेब वैतागले.

"जिथं जागा आसंल तिथं."

त्यांनी लिहिलं. मी पोरीला वाचायला लावलं, मोठ्यानं. तिचा आवाज लिंबापर्यंत गेला. मग मी सही केली. सही वाकडी आली. आप्पा काठी टेकत घराकडं निघून गेले. त्यानंतर ते माझ्याशी धड बोललेले नाहीत.

निकाल अजून लागलेला नाही. चर तसाच आहे, त्यात आता गवत उगवलंय. दिवाळीची शेवंती आम्ही डोक्यावर नेली, जेवढी नेता आली तेवढी. उरलेली वावरातच सुकली. यंदा फुलं कमी लावलीत. मेथी तर लावलीच नाही, तिला ओढा सोसत नाही. दोडका लावलाय, कांदा लावलाय. ते तग धरतात.

मला भीती वाटते. कुणी मला सांगू नये की ती जाईल. रोज पहाटे ओढ्यात पाय घालताना वाटते, पोर शाळेतून यायला उशीर झाला की वाटते. चराच्या पलीकडं कुणी नुसतं उभं राहिलं तरी वाटते.

नवरात्र जवळ आलंय. परवा मोठ्या घरून निरोप आला, निदान माळेची फुलं तरी पाठवा, मागचं विसरून जाऊ. मी निरोप्याला चराच्या काठावरच थांबवलं. पोरीला हाक मारली. आम्ही दोघींनी त्याच्यासमोर ताज्या झेंडूच्या पाटीला नाक लावलं, आधी तिनं, मग मी. माल गार होता. मी पाटी डोक्यावर घेतली आणि त्याला म्हणाले, "सांग जाऊन. ही बाजारात चालली. त्या पायरीवर आता आमच्या घरातलं कुणी वाकणार नाय, आणि मी कुणाला वाकवणार नाय."

आणि ओढ्यात उतरले.